धुऱ्यावरची हाक

दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवण्याआधी माझे वडील हाक मारीत. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात आमची जमीन अगदी मागे, नाल्याच्या काठाला होती. गावच्या रस्त्यावरून तिथे पोचायचे तर मधले एक शेत ओलांडावे लागे, आणि त्या शेताच्या कडेकडेने आमची गाडवाट होती. वडील त्या शेताच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, बैल थांबवीत, कासरा आवळून धरीत आणि विहिरीकडे तोंड करून म्हणत, "येऊ का हो?" विहिरीकडून उत्तर येई, "या की." मग गाडी पुढे निघे. विहिरीवर कोणी नसले तरीही ते हाक मारीत, उत्तर येण्याइतका वेळ थांबत आणि मगच बैलांना चुचकारीत. लहानपणी मला यात काही विशेष वाटले नव्हते. घरात शिरताना वहाणा बाहेर काढाव्यात, तसेच हे, एवढीच माझी समजूत होती.

मधले शेत ज्यांचे होते त्यांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांचे नाते आईच्या माहेराकडून कुठून तरी दूरचे होते. पण आई भाऊबीजेला त्यांना ओवाळी, आणि तेवढे नाते आम्हा सर्वांना पुरत असे. ते वडिलांना दाजी म्हणत. वडीलही त्यांना, आम्हा मुलांच्या नात्याने, मामाच म्हणत.

मामांचा थोरला मुलगा काही वर्षे जालन्याच्या एमआयडीसीत, सळया ओढणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तो गावी परतला तो शेतीत काहीतरी नवे करायचे, असे ठरवूनच. त्याने वावर सपाट करून घेतले, विहिरीपासून पाइपलाइन पुरली आणि गाडीच्या चाकांनी पाइप फुटतो म्हणून गाडवाटेच्या तोंडाशी बाभळीचे काटे रचले. पायी जाण्यापुरती धुऱ्यावरची अरुंद वाट त्याने मोकळी ठेवली. गाडी नाल्यातून न्या, असा निरोप त्याने पाठवला. नाल्याची दरड ज्याने पाहिली आहे त्याला कळेल की तिथून रिकामी गाडीदेखील चढत नाही.

आमची हिरवी मिरची होती. ती सकाळी तोडली की त्याच दिवशी गावच्या बाजारात पोचावी लागते. रात्रभर पोत्यात राहिली तर ती गरम होते, मऊ पडते, आणि मग व्यापारी पोत्यात हात घालूनच मान हलवतो. गाडवाट गेली म्हणजे मिरची गेली, हे घरातल्या प्रत्येकाला न सांगता समजले होते.

वडील म्हणाले, "त्याचंबी बराबर हाय. पाइप फुटतो गाडीनं. मामाशी बोलतो मी."

मी त्या वेळी कृषी पदवी घेऊन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नुकताच लागलो होतो. बियाण्याची उगवण तपासण्याचे काम माझ्याकडे होते. अंगात नव्या शिक्षणाचा ताठा होता. मी म्हणालो, "दादा, बोलायचं कशाला? आपण काय उपकार मागतोय का त्यांच्याकडं? आजोबांपासूनची वाट आहे. हक्क आहे आपला."

"हक्क हाय तर मंग बोलल्यानं काय कमी व्हतो का?" ते म्हणाले.

दावा मी दाखल करायला लावला. वादी म्हणून नाव वडिलांचे होते, शेत मामांच्या नावावर म्हणून प्रतिवादी मामा, परंतु वकील मी गाठला आणि कागदावर सही कुठे करायची तेही मीच बोटाने दाखवले.

भोकरदनच्या वकिलांनी मला कायदा नीट समजावून सांगितला होता. अशी वाट हक्काची ठरायची तर ती वर्षानुवर्षे, उघडपणे आणि कोणाच्याही परवानगीशिवाय वापरलेली असली पाहिजे. परवानगीने वापरली असेल तर देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. मला हे समजले होते. वडिलांना समजावून सांगण्याची गरज मला भासली नाही. आम्ही त्या वाटेने किती वर्षे जातो हे साऱ्या गावाला ठाऊक होते. एवढ्या उघड गोष्टीत साक्षीदाराला पढवायचे ते काय, असे मला वाटले.

तारखेला वडील आणि मामा एकाच एसटीने भोकरदनला जात. दुसरी गाडी त्या वेळेला नव्हती. दोघांची जागाही बहुधा शेजारीच असे. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय पाव्हणं, भांडायला एकाच गाडीनं?"

मामा म्हणाले, "दोन गाड्यांचा खर्चा तू देतो का?"

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोघे एकाच फडक्यावर भाकरी सोडत. ठेचा आमच्या घरचा असे. मामांना ठसका लागला की वडील त्यांच्यापुढे तांब्या सरकवीत. "लई तिखट हाय बुवा," मामा म्हणत. "आमच्या पोरानं वाट अडवली तरी तुमची मिरची काही गोड व्हईना." वडील हसत. मी थोडा बाजूला, वकिलांच्या टेबलाशी उभा राहत असे. ते हसणे मला तेव्हा दुबळेपणाचे वाटे.

उलटतपासणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी आवाज जराही चढवला नाही.

"बाबा, त्या वाटेनं कधीपासून जाता?"

"माझ्या बापाच्या वेळपासून."

"जाताना गुपचूप जाता का सांगून?"

वडिलांना तो प्रश्न लागला. "गुपचूप जायला आम्ही चोर हाओत का? हाक मारून जातो."

"काय म्हणता हाक मारून?"

"येऊ का, म्हंतो. मंग ते या म्हंतात."

"आणि त्यांनी येऊ नका म्हटलं असतं तर?"

"तसं ते कधी म्हनलेच न्हाईत."

"पण म्हटलं असतं तर, बाबा?"

वडिलांनी मामांकडे पाहिले. मामा खाली मान घालून धोतराच्या सोग्याशी चाळा करीत होते. "मंग थांबलो असतो," वडील म्हणाले. "वावर त्यांचं हाय."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला, आणि यंत्रावर तो संथपणे उमटत गेला: मी व माझे वडील प्रतिवादीची परवानगी घेऊन सदर वाटेने जात होतो, परवानगी न मिळाल्यास गेलो नसतो. आमचे वकील नंतर उठले आणि त्यांनी वडिलांना विचारले की हाक मारणे ही केवळ रीत होती ना. वडील म्हणाले, "रीतच. विचारायची रीत." वकील खाली बसले.

बाहेर चहाच्या टपरीवर मी स्वतःला आवरू शकलो नाही. "दादा, एवढी एक गोष्ट बोलायची नव्हती."

"त्यानं विचारलं."

"विचारलं तरी."

"शपथ घेतल्ती मी," ते म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकू लागले. मामा तिकडून आले, बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "दाजी, मलाबी तेच विचारनार हाईत उद्या. मी बी खरं सांगंन. हाक मारत होते म्हनून." दोघांनाही वाटत होते की एकमेकांच्या चांगुलपणाची साक्ष देत आहोत.

दावा फेटाळला गेला. जिल्हा न्यायालयातल्या अपिलातही तेच झाले. वापर परवानगीचा होता, सबब हक्क निर्माण होत नाही. निकालात वडिलांच्या जबाबाचे ते वाक्य दोन्हीकडे जसेच्या तसे घेतलेले होते.

मग मी औरंगाबादच्या खंडपीठात दुसरे अपील करायचे ठरवले. वडिलांनी नको म्हटले नाही. त्यांनी होही म्हटले नाही. त्यांच्या अशा गप्प राहण्याचा अर्थ मी आयुष्यभर माझ्या सोयीने लावत आलो.

औरंगाबादचे वकील तरुण आणि सरळ मनाचे होते. त्यांनी आधीच सांगितले की दुसरे अपील आपोआप ऐकले जात नाही. ते ऐकण्याजोगे आहे की नाही, हेच आधी ठरते. त्यात कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल होते. कोण खरे बोलले, काय घडले, यात उच्च न्यायालय पुन्हा शिरत नाही. "पण मुद्दा मांडून बघू," ते म्हणाले. "गावातली सभ्यता म्हणजे परवानगी नव्हे, असं म्हणता येईल." पुढे त्यांनी सहज एक सूचना केली. निकाल लागेपर्यंत वडिलांनी त्या धुऱ्यावर हाक मारू नये. विचारून जाणे चालू राहिले तर समोरची बाजू तेच पुढे करील. जायचे तर न विचारता, हक्काने जावे.

ही सूचना मी घरी येऊन वडिलांना सांगितली. ओसरीवर आई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. वडिलांनी ऐकून घेतले.

"हाक न मारता जायचं?"

"हो. पायवाट मोकळीच आहे. सरळ जायचं."

"अन् मामा विहिरीवर बसलेले असले तर?"

"तरी."

दुसऱ्या दिवसापासून ते नाल्यातून जाऊ लागले. धुऱ्यावरची पायवाट उघडी होती, तिच्यावर कोणी अडवत नव्हते, पण विचारल्याशिवाय तिच्यावर पाय टाकणे त्यांना जमेना आणि विचारायला मी बंदी केली होती. नाल्याच्या दरडीवरून ते बसत, घसरत उतरत आणि पलीकडे मुळ्या धरून चढत. पाण्याच्या दिवसांत तोही मार्ग राहत नसे. मग खालच्या अंगाने मोठा वळसा पडे. मिरची तोडणाऱ्या बायांनाही ते पायवाटेने जाऊ देत नसत, त्या डोक्यावर ओझी घेऊन त्याच वळशाने येत. त्या कुरकुरत, काही जणी दुसरीकडे कामाला जात. मिरचीचे रान वर्षागणिक आकसत गेले. वडिलांच्या गुडघ्यांनी त्याच काळात दगा दिला. मी जालन्याला राहत होतो, मोटारसायकलवरून कंपनीत जात होतो, आणि सुट्टीच्या दिवशी गावी येऊन विचारीत होतो, "दादा, हाक नाही ना मारली?"

"न्हाई," ते म्हणत.

एकदा आईने मला माजघरात बोलावून सांगितले, "त्यांना जाऊ दे रे हाक मारून. मामा परवा बाजारात भेटले तर मला म्हनले, दाजी बोलत न्हाईत आता. मी काय सांगू?" मी तिला म्हणालो, थोडे दिवस. ते थोडे दिवस बरीच वर्षे चालले. अपील बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, येई आणि उतरे. कधी वेळ संपे, कधी आमचेच वकील दुसऱ्या न्यायदालनात अडकलेले असत. औरंगाबादला जाऊन, लाकडी बाकावर दिवसभर बसून, संध्याकाळी परत एसटीत बसणे मला इतके अंगवळणी पडले की निघताना आपण काय मिळवायला जात आहोत याचा मला विसर पडू लागला. थकवा आधी पायांत येतो आणि मग हेतूत शिरतो, हे मी त्या प्रवासांत शिकलो.

त्या वर्षांत माझ्या कामाकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. प्रयोगशाळेत बियाण्याचा नमुना येई, पिशवीत बांधलेला, चिठ्ठी लावलेला. आम्ही दाणे ओल्या कागदावर मांडत असू आणि ठरलेल्या दिवशी कोंब पाहत असू. ते बी कोणत्या रानात पडले, तिथे ओल होती का, पेरणाऱ्याने कसे पेरले, हे आमच्यापुढे नसे. वाटूरकडचा एक शेतकरी एकदा तक्रार घेऊन आला होता. बी उगवलेच नाही, म्हणाला. मी नमुना पाहिला आणि त्याला शांतपणे सांगितले की आमच्याकडचा नमुना उत्तम उगवला आहे. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कागदावर पेरलं. मी वावरात पेरलंय. एकदा येऊन तर बघा." मी गेलो नाही. जाणे माझ्या कामाच्या कक्षेत नव्हते. उच्च न्यायालयाबद्दल माझ्या मनात पुढे कधी कडवटपणा आला नाही, तो बहुधा या शेतकऱ्यामुळे.

अखेर अपील पुकारले गेले. त्या दिवशी वडील हट्टाने माझ्याबरोबर आले होते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आमच्या वकिलांनी गावाकडच्या रीतीचा मुद्दा मांडला. न्यायमूर्तींनी पाने उलटली, ते वाक्य वाचले आणि सौम्य आवाजात विचारले की यात कायद्याचा प्रश्न कोणता? हाक परवानगीची होती की शिष्टाचाराची, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. साक्षीदाराला समोर पाहून पहिल्या न्यायालयाने तो ठरवला आहे, जिल्हा न्यायालयाने तो कायम केला आहे, आणि वादीनेही स्वतः तेच सांगितले आहे. आमचे वकील आणखी दोन वाक्ये बोलले. न्यायमूर्तींनी ती ऐकून घेतली. मग त्यांनी लघुलेखकाकडे वळून अपील दाखल करून घेण्याजोगे नसल्याचे सांगितले. शिपायाने पुढचा क्रमांक पुकारला.

वडिलांनी माझ्या कोपराला स्पर्श केला. "आपला नंबर कधी हाय?"

"झाला, दादा."

"झाला? मला तर काही विचारलं न्हाई."

"इथं विचारत नाहीत. लिहिलेलं वाचतात."

"मंग लिव्हलेलं बराबर वाचलं का त्यांनी?"

"हो," मी म्हणालो. "बिलकुल बरोबर वाचलं."

त्यांनी मान हलवली. आम्ही बाहेर आलो. वकिलांनी खांद्यावर हात ठेवून मला काही समजुतीचे शब्द सांगितले. ते मला आता आठवत नाहीत. बसस्थानकावर भोकरदनची गाडी लागायला अवकाश होता. वडिलांनी फडके सोडले, भाकरीचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला. खाऊन झाल्यावर, हात धुऊन, टोपी डोक्यावर ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "आता मारू का हाक?"

मला त्यांच्याकडे पाहता आले नाही. इतकी वर्षे ते निकालाची वाट पाहत आहेत असे मी समजत होतो. ते मोकळे होण्याची वाट पाहत होते. मी म्हणालो, "मारा."

दुसऱ्या दिवशी मी रजा वाढवली आणि सकाळी त्यांच्या मागोमाग शेतापर्यंत गेलो. काट्यांचे कुंपण तसेच होते. शेजारून धुऱ्यावरची पायवाट गेली होती, गवताने भरलेली. वडील तिच्या तोंडाशी थांबले. पूर्वी कासरा धरीत तो हात आता काठीवर होता. त्यांनी विहिरीकडे तोंड केले.

"येऊ का हो?"

मामा विहिरीजवळच्या बाजेवर पाठमोरे बसले होते. वयाने त्यांना ऐकू येणे कमी झाले होते, हे आम्हाला माहीत नव्हते. वडील थांबून राहिले. मामांचा मुलगा पलीकडे पाइपचा जोड आवळत बसला होता. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले. न्यायालयातून काय आले हे त्याला आदल्या संध्याकाळीच समजले असणार. त्याने तो जोड पुरता आवळून घेतला. मग त्याने पाना खाली ठेवला आणि मामांना ओरडून सांगितले, "दादा, ते हाक मारून राह्यले."

"कोन?"

"दाजी."

मामा बाजेवरच कष्टाने वळले. "मंग या म्हन की. उभं कशाला केलंस?"

मुलगा आमच्याकडे न पाहता म्हणाला, "या."

वडील गवत तुडवत पुढे गेले, मामांच्या बाजेवर जाऊन बसले. दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. मी धुऱ्यावरच उभा होतो. हाक त्यांनी मारली होती, मी नव्हे. त्या उत्तरावर मलाही आत जाता येते का, याचा मला नीट निर्णय होईना. आणि मी विचारलेही नाही.

गाडवाट मात्र परत मिळाली नाही. त्या पायवाटेवरून रोजची मिरची डोक्यावरून नेणे परवडणारे नव्हते. पुढच्या हंगामात आम्ही मिरची लावली नाही. तूर आणि सोयाबीन घेऊ लागलो, म्हणजे माल वर्षातून एकदाच बाहेर काढावा लागतो. त्या वेळी वडील मामांच्या मुलाला विचारीत, आणि तो एका दिवसापुरते काटे बाजूला ओढून देई. कधी कुरकुरत, कधी मुकाट्याने. पूर्वी आमची गाडी मामांच्या मर्जीवर चालत होती, असे तिन्ही न्यायालयांच्या कागदावर आले, आणि वडिलांनी मारलेल्या कितीतरी हाकांचा तोच अर्थ असेल, हे मला कधीच पटले नाही. परंतु आता ती खरोखर तशी चालते. कागदावरचे वाक्य मी माझ्या हाताने खरे करून घेतले.

वडील गेले. त्यानंतर मामाही गेले. पन्नाशी ओलांडल्यानंतर मी गावाकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा जातो. शेत बटाईने दिलेले आहे, तरी पीक निघण्याच्या सुमारास मला जावेच लागते, कारण गाडीसाठी विचारायला आमच्या घरातले दुसरे कोणी नाही. मामांचा मुलगाही आता माझ्यासारखाच पिकला आहे. मी धुऱ्यापाशी थांबतो आणि हाक मारतो. माझा आवाज मुळातच बारीक आहे, विहिरीपर्यंत नीट पोचत नाही. बहुतेक वेळा दुसऱ्यांदा हाक मारावी लागते. तो ऐकतो, हातातले काम पुरे करतो, मग उत्तर देतो.

तोवर मी तिथेच उभा राहतो.